एक संदेश, अनेक शेते : दिशात्मक अँटेनांची पाळी कशी लावावी

२६ जानेवारी १९६७ रोजी दिल्लीच्या दूरचित्रवाणी केंद्रावरून ‘कृषिदर्शन’ हा कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा तो पाहणारा प्रेक्षकवर्ग दिल्लीच्या आसपासच्या ८० गावांत सामुदायिक संचांभोवती बसलेला होता. अणुऊर्जा विभाग, भारतीय कृषी संशोधन संस्था, आकाशवाणी आणि दिल्ली प्रशासन यांनी मिळून हा प्रायोगिक प्रकल्प उभारला होता. डॉ. विक्रम साराभाई यांचा त्यामागे पुढाकार होता. पुसा येथील संस्थेचे शास्त्रज्ञ गव्हाच्या नव्या वाणांची लागवड समजावून सांगत, आणि तो एकच शब्द त्याच क्षणी ऐंशी चावड्यांवर पोहोचत असे. गावे ऐंशीऐवजी आठशे असती तरी प्रक्षेपणाच्या वेळेत वा विजेच्या खर्चात काही फरक पडला नसता. मात्र ती सर्व गावे मनोऱ्याच्या पल्ल्यात असणे आवश्यक होते. पल्ल्याबाहेरच्या गावासाठी ‘कृषिदर्शन’ नव्हतेच.

एकच संदेश ठरावीक समूहातील सर्वांना बिनतारी मार्गाने पोहोचविण्याच्या या पद्धतीस अभियंते मल्टिकास्ट म्हणतात. मराठीत तिला समूहप्रक्षेपण म्हणता येईल. आज शिवारात जमिनीतील ओलावा मोजणारे संवेदक, स्वयंचलित हवामान केंद्रे आणि दूरनियंत्रित झडपा बसू लागल्या आहेत. अशा जाळ्यातील वीस उपकरणांना एकच सूचना द्यावयाची झाल्यास प्रश्न १९६७ मधलाच उभा राहतो. पल्ला वाढवावा तर सर्वांना एकाच वेळी सांगता येत नाही, आणि सर्वांना एकाच वेळी सांगावे तर टोकाचा श्रोता सुटतो. दिशात्मक अँटेनांच्या वेळापत्रकाचा विषय येथूनच सुरू होतो.

कंदील आणि बॅटरी

सर्व दिशांना सारखीच लहर सोडणारी अँटेना ही अंगणात टांगलेल्या कंदिलासारखी असते. यागी किंवा ताटलीच्या आकाराची अँटेना ही हातातल्या बॅटरीसारखी असते. दोहोंना लागणारी ऊर्जा तीच. बॅटरी ती ऊर्जा एका झोतात एकवटते, म्हणून तिचा उजेड दूर जातो. मोकळ्या जागेत एखाद्या दिशेने शक्ती चौपट झाली की तेवढ्याच स्पष्टतेने संदेश दुप्पट अंतरावर ऐकू येतो. पिकांवरून व झाडांमधून जाताना हा लाभ कमी होतो, तरीही तो दुर्लक्ष करण्याजोगा नसतो.

परंतु झोताबाहेर अंधार असतो. चहूबाजूंना पसरलेल्या श्रोत्यांना बॅटरीने उजेड दाखवायचा तर ती फिरवावी लागते, आणि तोच संदेश प्रत्येक दिशेला पुन्हा सांगावा लागतो. म्हणजे वेळेची वाटणी आली. महाराष्ट्रातील कालव्यांवरची शेजपाळी किंवा हरियाणातील वाराबंदी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना ही कल्पना नवी वाटणार नाही. वाराबंदीत आठवड्याचे १६८ तास जमिनीच्या प्रमाणात वाटले जातात आणि प्रत्येकाची पाळी ठरलेली असते. तथापि पाणी आणि संदेश यांत एक मूलभूत फरक आहे. एकाने घेतलेले पाणी दुसऱ्यास मिळत नाही, परंतु एका झोतात दहा उपकरणे असतील तर दहाही उपकरणे तोच संदेश पूर्णपणे ऐकतात. म्हणून पाळी शेतकऱ्यागणिक लावायची नसते, ती गटागणिक लावायची असते. या विषयातील सारे कसब गट कसे पाडावेत यात आहे.

दुसरा नियम अधिक कठोर आहे. ज्याला संदेश सर्वांत अस्पष्ट ऐकू येतो, त्याच्या वेगाने संपूर्ण गटाला सांगावे लागते. बिनतारी उपकरणे दुर्बळ संकेत समजून घेण्यासाठी वेग कमी करतात, जसे दूरच्या माणसाशी शब्द सावकाश उच्चारून बोलावे लागते. गटात एकच उपकरण दूर असेल तरी जवळच्या एकोणीस उपकरणांना त्याच मंद गतीने ऐकत बसावे लागते. वेग वाढविला तर ते एक उपकरण गटाबाहेर पडते, आणि याची नोंदही कोठे होत नाही, कारण समूहप्रक्षेपणात बहुधा पोच घेतली जात नाही. कालव्याच्या शेपटाकडील शेतकऱ्याची तक्रार निदान कार्यालयापर्यंत पोहोचते. शेपटाकडील संवेदक मुकाट्याने जुन्याच आज्ञेवर चालत राहतो.

उपग्रहाचा एक झोत, चार भाषा

वेळेच्या वाटणीचा सर्वांत मोठा भारतीय प्रयोग याच प्रवाहातून पुढे आला. दूरचित्रवाणी शहरांतून हळूहळू खेड्यांकडे झिरपावी, हे साराभाईंना मान्य नव्हते. दुर्गम गावांपर्यंत ती आधी पोहोचावी असा त्यांचा आग्रह होता, आणि त्यासाठी उपग्रह हाच मार्ग त्यांना दिसत होता. अमेरिकेच्या नासाशी १९६९ मध्ये करार झाला. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात ‘साइट’ हा प्रयोग पार पडला. राजस्थान, बिहार, ओडिशा, मध्य प्रदेश, आंध्र प्रदेश व कर्नाटक या सहा राज्यांतील सुमारे २,४०० गावे त्यात होती. साराभाई मात्र तो पाहण्यास हयात नव्हते. १९७१ च्या डिसेंबरअखेर त्यांचे निधन झाले होते.

एटीएस-६ या उपग्रहावर सुमारे ९ मीटर व्यासाची, अंतराळात उलगडणारी अँटेना होती. भूस्थिर कक्षेतून पाहिल्यास संपूर्ण पृथ्वी सुमारे १७ अंशांत मावते. या अँटेनेचा झोत त्यातील तीन अंशांहूनही अरुंद होता आणि तो भारतावर रोखलेला होता. झोत अरुंद असल्यामुळेच ८६० मेगाहर्ट्झवरील अवघ्या ८० वॉटच्या प्रक्षेपकाचा संकेत गावातल्या साध्या अँटेनेला पकडता आला. ती अँटेना ३ मीटर व्यासाची असून कोंबड्यांच्या खुराड्याला वापरतात त्या जाळीची बनविलेली होती. त्या लहरीची लांबी सुमारे ३५ सेंटिमीटर असल्यामुळे जाळीची भोके तिच्या दृष्टीने नसल्यासारखीच होती.

सर्व गावे एकाच झोतात आली म्हणून दिशांची पाळी लावावी लागली नाही. वाटणी भाषेची करावी लागली. हिंदी, ओडिया, तेलुगू व कन्नड भाषक गावांना रोज सकाळ-संध्याकाळ मिळून चार तासांतून आपापला वेळ नेमून दिलेला होता. अहमदाबाद व दिल्ली येथील भूकेंद्रांतून कार्यक्रम वर पाठविता येत. एका चित्रासोबत दोन ध्वनिवाहिन्या जात असल्याने एकाच वेळी दोन भाषागटांना एकच चित्र दाखविण्याची सोय होती. आजच्या परिभाषेत सांगायचे तर जे दोन गट एकत्र बसविता आले ते एका पाळीत बसविले गेले, आणि उरलेल्यांना स्वतंत्र वेळ दिली गेली.

खादरातील हिशेब

आता हाच विचार शेताच्या मापाने करून पाहू. पुढील मांडणी हिशेबापुरती कल्पिलेली आहे, परंतु त्यातील वेळा लोरा या दीर्घपल्ल्याच्या रेडिओ पद्धतीच्या सूत्रांवरून काढलेल्या आहेत. भारतात ही पद्धत ८६५ मेगाहर्ट्झच्या परवानामुक्त पट्ट्यात वापरली जाते.

दिल्लीजवळ यमुनेच्या खादरात भाजीपाला व गहू पिकविणाऱ्या शेतांत जमिनीतील ओलावा मोजणारे २० संवेदक आहेत, असे धरू. त्यांपैकी १६ संवेदक केंद्रीय उपकरणाच्या, म्हणजे गेटवेच्या, अवतीभवती विखुरलेले आहेत. उरलेले ४ नदीकाठी एकाच दिशेला दूर आहेत. रब्बी संपून खरीप सुरू होताना सर्व संवेदकांची आज्ञावली बदलायची आहे. ती सुमारे ५० किलोबाइटची आहे. एका वेळी सुमारे ५० बाइट पाठविता येतात, म्हणजे तिचे हजारभर तुकडे होतात.

पहिला मार्ग सर्वदिश अँटेनेचा. दूरच्या चौघांना ऐकू यावे म्हणून सर्वांत मंद गती निवडावी लागते, लोराच्या भाषेत स्प्रेडिंग फॅक्टर १२. त्या गतीने एका तुकड्यास सुमारे २.८ सेकंद लागतात, म्हणजे हजार तुकड्यांना सुमारे ४७ मिनिटे. जवळच्या सोळा संवेदकांना सर्वांत जलद गती, म्हणजे स्प्रेडिंग फॅक्टर ७, सहज पुरली असती. त्या गतीने तेच काम दोन मिनिटांत झाले असते. ते सोळाही संवेदक उरलेली ४५ मिनिटे विनाकारण जागे राहतात. निद्रेत काही मायक्रोअँपिअर घेणारा संवेदक ऐकत असताना त्याच्या हजारो पट, मिलिअँपिअरमध्ये, प्रवाह ओढतो. बॅटरीवर चालणाऱ्या यंत्राच्या दृष्टीने ही उधळपट्टी आहे. शिवाय सर्वसाधारण लोरा गेटवे बोलत असताना ऐकू शकत नाही. त्या वेळेत एखाद्या संवेदकाने पाठविलेले मोजमाप वाया जाते.

दुसरा मार्ग सर्व काम झोतांनी करण्याचा. सुमारे ६० अंशांचे सहा झोत पाळीपाळीने सोडले तर पाच दिशांना प्रत्येकी दोन मिनिटे लागतील. नदीकाठच्या दिशेला यागी अँटेनेच्या लाभामुळे मधली गती, म्हणजे स्प्रेडिंग फॅक्टर ९, पुरेल. तिला सुमारे साडेसहा मिनिटे लागतील. एकूण साडेसोळा मिनिटे. ४७ मिनिटांच्या मानाने ही मोठी सुधारणा आहे, आणि अनेकांचा विचार येथेच थांबतो.

तिसरा मार्ग मिश्र आहे. जवळच्या सोळांना सर्वदिश अँटेनेने, जलद गतीने, एकदाच सांगावे : दोन मिनिटे. नंतर केवळ नदीकाठच्या दिशेला एक झोत सोडावा : साडेसहा मिनिटे. एकूण साडेआठ. सहा अँटेनांऐवजी दोन पुरतात, आणि वेळ निम्म्यावर येतो. जवळच्यांसाठी कंदीलच योग्य होता. बॅटरीची गरज फक्त चौघांना होती.

क्रमाचाही प्रश्न आहे. जवळचा गट आधी घेतला तर एका संवेदकाला सरासरी सुमारे ३.३ मिनिटांत संपूर्ण आज्ञावली मिळते. दूरचा गट आधी घेतला तर तीच सरासरी ८ मिनिटांवर जाते. एकूण वेळ दोन्हींत सारखाच. सर्वसाधारणपणे थोड्या वेळात अधिक जणांचे काम उरकणारा गट पुढे घ्यावा. परंतु सरासरी ही फसवी गोष्ट आहे. दूरचा गट नेहमीच शेवटी ठेवला, आणि वीज गेल्याने वा अन्य कारणाने प्रक्षेपण मध्येच थांबले, तर दर वेळी तेच चौघे वंचित राहतील. मागील खेपेस ज्यांचे तुकडे अपुरे राहिले त्यांना पुढील खेपेस आधी घ्यावे, एवढा साधा नियमही वेळापत्रकात घालता येतो.

सर्व श्रोत्यांनी पोच दिली तर त्या पोचांचीच टक्कर होते, म्हणून हरवलेल्या तुकड्यांसाठी वेगळी युक्ती योजतात. मूळ हजार तुकड्यांनंतर त्यांच्या मिश्रणातून बनविलेले काही जादा तुकडे पाठविले जातात. ज्याचा जो तुकडा हरवला असेल तो त्याला त्यांतून गणिताने भरून काढता येतो. लोरावॅनच्या मानकांत याची तरतूद आहे.

वरील उदाहरणात दिशा थोड्या होत्या म्हणून उत्तर हाताने काढता आले. एकाच वेळी अनेक दिशांना झोत सोडू शकणारे अँटेना-संचही असतात. त्यात शक्ती विभागली जाते. दोन झोत एकत्र उघडले की प्रत्येकाच्या वाट्याला निम्मी शक्ती येते, गती घटते, पण एक पाळी वाचते. कोणते झोत एकत्र घ्यावेत याचे पर्याय झपाट्याने वाढतात. सहा दिशांचे गट २०३ प्रकारे पाडता येतात, आठ दिशांचे ४,१४० प्रकारे, आणि बारा दिशांचे ४२ लाखांहून अधिक प्रकारे. त्यामुळे प्रत्यक्ष यंत्रणा सर्व पर्याय तपासत बसत नाहीत. पुरेसे चांगले उत्तर लवकर देणाऱ्या पद्धती वापरतात.

इशाऱ्याचा न्याय वेगळा

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. हा सारा हिशेब दीर्घ संदेशाचा आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये पश्चिमी विक्षोभामुळे गारपिटीची शक्यता निर्माण झाली, किंवा मे-जूनमध्ये राजस्थान-हरियाणाकडून धुळीचे वादळ येऊ लागले, तर द्यावयाचा इशारा एका तुकड्यात मावतो. तो सर्वदिश अँटेनेने, सर्वांत मंद गतीने दिला तरी २.८ सेकंदांत सर्वांपर्यंत जातो. झोतांची पाळी लावून दोन सेकंद वाचविण्यात अर्थ नाही. उलट एखादी दिशा वगळली गेल्यास हानी मोठी होते. इशाऱ्यासाठी मंद गती ही उणीव नव्हे.

मोबाईलच्या मनोऱ्यांना मात्र ही मुभा नाही. १ ऑक्टोबर २०२२ रोजी नवी दिल्लीत ५जी सेवेचा प्रारंभ झाला. तिच्या ३,३०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात लहरींचा पल्ला मुळातच कमी पडतो, म्हणून अगदी छोटा संदेशही झोताने द्यावा लागतो. मनोरा आपली ओळख सांगणारा संकेत या पट्ट्यात जास्तीत जास्त आठ झोतांतून, एकामागून एक असा, चहूकडे फिरवितो. सर्वसाधारणतः दर २० मिलिसेकंदांनी हे चक्र पुन्हा होते. एखाद्या क्षेत्रातील सर्व मोबाईलना एकाच वेळी आपत्तीचा इशारा देणारी सेल ब्रॉडकास्ट पद्धती ५जीवर याच फिरत्या झोतांतून जाते. दिल्लीस्थित सी-डॉट या सरकारी संस्थेने विकसित केलेल्या या पद्धतीच्या चाचण्या २०२३ मध्ये देशभर झाल्या, आणि मोठ्या आवाजासह आलेला तो चाचणी-संदेश अनेकांना आठवत असेल. मोबाईल क्रमांक कोणाचा, याची नोंद त्यासाठी लागत नाही. जो त्या झोतात आहे, त्याला संदेश मिळतो.

शिवारात उतरताना

विस्तार कार्यकर्त्याच्या हाती अल्गोरिदम नसतो, पण जागेची निवड असते, आणि तिचा परिणाम अल्गोरिदमहून मोठा होऊ शकतो. सर्वांत मंद श्रोता गटाची गती ठरवितो, याचाच दुसरा अर्थ असा की त्या एका श्रोत्याची स्थिती सुधारली तर सर्वांचा वेळ वाचतो. नवा झोत विकत घेण्यापूर्वी दूरच्या संवेदकाची अँटेना बांबूवर दोन-तीन मीटर उंच करून पाहावी. अनेकदा तेवढ्याने गती एक-दोन पायऱ्या वर जाते. वरच्या उदाहरणातील चारही संवेदक अशा रीतीने मधल्या गतीपर्यंत आले असते, तर यागीशिवायच, एकाच सर्वदिश प्रक्षेपणात, साडेसहा मिनिटांत काम संपले असते.

संकेताची तीव्रता मोकळ्या रानात मोजून समाधान मानणे ही नेहमीची चूक आहे. ओल्या पानांतील पाणी लहरी शोषून घेते. बागपत-मेरठकडील उसाच्या पट्ट्यात एप्रिलमध्ये उत्तम चालणारी जोडणी पावसाळ्यात, ऊस डोक्यावर गेल्यावर, दुबळी पडते. कोल्हापूर-सांगलीच्या वाचकांनाही हे सांगावयास नको. गट पाडताना पीक सर्वाधिक उंच असतानाचे मोजमाप धरावे, आणि हंगाम पालटला की गट पुन्हा तपासावेत.

कायद्याची मर्यादाही ध्यानात ठेवावी लागते. ८६५ मेगाहर्ट्झच्या परवानामुक्त पट्ट्यात प्रक्षेपकाची शक्ती कमाल १ वॉट, आणि अँटेनेच्या लाभासह बाहेर पडणारी परिणामी शक्ती कमाल ४ वॉट असू शकते. १०० मिलिवॉटच्या गेटवेला ११ डेसिबल लाभाची यागी जोडली तर झोताच्या दिशेने सुमारे सव्वा वॉट इतका परिणाम होतो. तो मर्यादेत आहे. तीच यागी १ वॉटच्या प्रक्षेपकाला जोडणे नियमबाह्य ठरेल. तसेच पालम विमानतळाच्या परिसरात उंच मनोरा उभारण्यापूर्वी उंचीची परवानगी घ्यावी लागते. नजफगढकडील अनेक शेते त्या परिसरात मोडतात, आणि तेथे मनोरा वाढविण्यापेक्षा दूरच्या शेतात दुसरा छोटा गेटवे बसविणे बहुधा सोयीचे पडते.